डबा टीव्हीवर माणसं पुन्हा पुन्हा काठीसारखी का होतात?

मावशीचा फोन दोन-तीन महिन्यांनी ठरलेला. "अरे, परत सगळे वाळले बघ." बातम्या देणारी बाई वाळलेली, मालिकेतला सासरा वाळलेला, आणि सामन्यातला अंपायर तर नुसता बांबू. मी जायचो, सेट टॉप बॉक्सच्या मेन्यूत एक ओळ बदलायचो, सगळ्यांच्या अंगावर पुन्हा मांस चढायचं आणि मी घरी यायचो. मग पुन्हा फोन. पाच-सहा खेपा झाल्यावर माझीच मला लाज वाटायला लागली. ताप उतरवायचा आणि आजार तसाच ठेवायचा, असं चाललं होतं.

पिक्चर ट्यूबवाला चौकोनी टीव्ही ज्यांच्याकडे अजून चालू आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांना हे कधी ना कधी भोवतं. कुणाकडे माणसं लांबट होतात, कुणाकडे बुटकी, कुणाकडे चित्राच्या कडा गायब, तर कुणाकडे मोठ्या पडद्याच्या मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र. तक्रारी चार वाटतात, पण मूळ एकच आहे. ते एकदा कळलं की कुठल्या डब्याच्या कुठल्या मेन्यूत हात घालायचा हे आपलं आपल्याला सुचतं.

पहिली गोष्ट: टीव्ही बिघडलेला नाही. मेकॅनिकला बोलावू नका आणि मागचं झाकण तर अजिबात उघडू नका. रंगीत पिक्चर ट्यूबला २० ते ३० हजार व्होल्ट लागतात, आणि प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये काही काळ विजेचा दाब साठून राहतो.

मूळ भानगड

आपण "चौकोनी" म्हणतो तो पडदा खरं तर ४:३ असतो, म्हणजे रुंदी ४ भाग आणि उंची ३ भाग. मूकपटांच्या काळातल्या ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट जवळपास याच आकाराची होती, टीव्हीने तो आकार जसाच्या तसा उचलला. मग टीव्हीमुळे प्रेक्षक घरी बसायला लागले, तशी सिनेमावाल्यांनी १९५३ साली सिनेमास्कोप आणून पडदा चांगलाच रुंद केला. १९८०च्या दशकात नव्या टीव्हीचा आकार ठरवायची वेळ आली, तेव्हा डॉ. कर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्यांनी वेगवेगळ्या प्रचलित आकारांचे, पण एकाच क्षेत्रफळाचे आयत एकमेकांवर ठेवून पाहिले. त्या सगळ्यांना पोटात घेणारा आयत आणि सगळ्यांच्या पोटात मावणारा आयत, दोन्ही जवळपास १६:९ भरले. आजचा रुंद पडदा तो हाच. एका अर्थी १६:९ ही तडजोडच आहे, जुनं चित्रही फार वाया जाऊ नये आणि सिनेमाही फार लहान होऊ नये म्हणून केलेली.

आता डबा टीव्हीच्या आत काय होतं ते बघा. पिवळ्या पिनेतून येणारा सिग्नल म्हणजे एकाखाली एक ओळी. पॅल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी, त्यातल्या दिसणाऱ्या ५७६. एनटीएससी या अमेरिकी पद्धतीत ५२५, त्यातल्या दिसणाऱ्या साधारण ४८०. टीव्ही प्रत्येक ओळ डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत ताणून रंगवतो आणि खालच्या ओळीवर जातो. ही ओळ रुंद चित्रातली की चौकोनी चित्रातली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पॅलच्या २३व्या ओळीत "हे चित्र रुंद आहे" अशी खूण पाठवायची सोय पुढे केली गेली, पण साध्या जुन्या सेटला ती वाचताच येत नाही.

म्हणून रुंद चित्र चौकोनात बसवायचं काम टीव्हीच्या आधी कुणीतरी उरकलेलं असावं लागतं. ते काम डीव्हीडी प्लेअर करू शकतो, सेट टॉप बॉक्स करू शकतो, कन्व्हर्टर करू शकतो, वाहिनीसुद्धा करू शकते. कुणीही करा, पण एकानेच करा. कुणीच केलं नाही तर माणसं वाळतात. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं: बॉक्सला वाटतं टीव्ही बघून घेईल, टीव्हीला वाटतं बॉक्सने बघितलं असेल. आणि दोघांनी केलं की पोस्टाचं तिकीट होतं.

फूटपट्टी घ्या

मेन्यूत शिरण्याआधी एक गोल शोधा. भिंतीवरचं घड्याळ, गाडीचं चाक, वाहिनीचं गोल चिन्ह, चाचणी चित्रातलं वर्तुळ, काहीही चालेल. फक्त ते समोरून दिसणारं आणि शक्यतो पडद्याच्या मध्याजवळचं हवं. चित्र थांबवता आलं तर उत्तमच. साधी प्लॅस्टिकची फूटपट्टी काचेला लावून रुंदी आणि उंची मोजा.

मावशीकडे बातम्यांच्या सेटवरचं घड्याळ मोजलं तेव्हा रुंदी ९ सेंटिमीटर भरली आणि उंची १२. म्हणजे बरोबर पाऊणपट. हा आकडा आला की शंकेला जागा नाही: १६:९चं अख्खं चित्र जसंच्या तसं ४:३मध्ये कोंबलंय, बसवायचं काम कुणी केलेलंच नाही. उलट रुंदी १२ आणि उंची ९ भरली, तर कुणीतरी नको तिथे दाबलं किंवा ताणलं आहे. रुंदी-उंची सारखी भरली तर आकार ठीक आहे, तक्रार फक्त काळ्या पट्ट्यांची किंवा कापलेल्या कडांची. दोन-चार मिलिमीटरचा फरक सोडून द्या, जुन्या ट्यूबवर कोपऱ्यातलं वर्तुळ कधीच धड गोल नसतं.

हे मोजमाप पोरकट वाटेल, पण डोळ्यावर विसंबू नका. लांबट चेहऱ्यांची सवय आठ दिवसांत लागते आणि मग बरोबर केलेलं चित्रच फुगलेलं वाटायला लागतं. मावशीला मी एकदा नीट करून दिलं, तर म्हणाली, "आता सगळ्या लठ्ठ झाल्या!"

माणसं लांबट (९ × १२)

डीव्हीडी असेल तर उपाय सोपा. डीव्हीडीवर चौकोनी आणि रुंद, दोन्ही प्रकारची चित्रं सारख्याच मापात साठवतात: पॅलमध्ये ७२० × ५७६, एनटीएससीत ७२० × ४८०. रुंद चित्र आडवं दाबून भरलेलं असतं, आणि "हे दाखवताना उलगडा" अशी सूचना सोबत असते. प्लेअरच्या सेटअप मेन्यूत "टीव्ही टाइप", "टीव्ही शेप" किंवा "टीव्ही डिस्प्ले" असं काहीतरी सापडेल, आणि त्यात साधारण तीन पर्याय: ४:३ लेटरबॉक्स (वर-खाली काळे पट्टे, चित्र अख्खं), ४:३ पॅन स्कॅन (कडा कापून पडदा भरायचा) आणि १६:९. प्लेअर १६:९वर असेल तर त्याला वाटतं समोर रुंद टीव्ही आहे, म्हणून तो चित्र दाबलेलंच पाठवून मोकळा होतो. ४:३ लेटरबॉक्स निवडा, झालं. आता प्लेअर ५७६ ओळींचं चित्र ४३२ ओळींत बसवेल आणि वर ७२, खाली ७२ ओळी काळ्या सोडेल.

इथे बरेच जण एका ठिकाणी अडकतात. तो पर्याय मेन्यूत दिसतो पण फिका, निवडता येत नाही. बऱ्याच प्लेअरमध्ये डिस्क चालू असताना हे सेटिंग बदलूच देत नाहीत. स्टॉपचं बटण एकदा दाबून भागत नाही, कारण प्लेअर थांबलेली जागा लक्षात ठेवून बसतो. दोनदा दाबा, किंवा सरळ डिस्क बाहेर काढा आणि मग सेटअपमध्ये जा. तिथेच शेजारी "व्हिडिओ आउटपुट" किंवा "प्रोग्रेसिव्ह" असं काही दिसेल, त्याच्या वाटेला जाऊ नका. ते चुकून बदललं तर पिवळ्या पिनेवरचं चित्रच जाईल, आणि परत बदलायला मेन्यूही दिसणार नाही.

सेट टॉप बॉक्समध्ये हीच गोष्ट दोन वेगळ्या ओळींत विभागलेली असते आणि गोंधळ तिथेच होतो. एक ओळ विचारते टीव्ही कसा आहे: ४:३ की १६:९. दुसरी विचारते चित्र कसं बसवू: लेटरबॉक्स, पॅन स्कॅन किंवा सेंटर कट, आणि फुल. मी पहिल्या दोन खेपांना फक्त दुसरी बदलत होतो. टीव्ही १६:९चा आहे असं बॉक्सला सांगून ठेवलं, तर रुंद कार्यक्रमाला लेटरबॉक्स करायचं कारणच त्याला उरत नाही. आधी टीव्ही ४:३ आहे हे सांगा, मग लेटरबॉक्स निवडा. "फुल" हा शब्द फार गोंडस आहे, पडदा भरेल असं वाटतं. भरतोही, पण माणसं वाळवून.

सगळ्यात डोकेदुखीचं प्रकरण म्हणजे एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर. काडेपेटीहून थोडी मोठी डबी, एका बाजूला एचडीएमआयचं भोक, दुसऱ्या बाजूला पिवळा-लाल-पांढरा, आणि वर एक सरकतं बटण. स्ट्रीमिंग स्टिक किंवा लॅपटॉप जुन्या टीव्हीला जोडायला लोक हीच डबी घेतात. स्वस्तातल्या बहुतेक डब्या आलेली अख्खी १६:९ची चौकट उचलून ४:३मध्ये दाबतात, काळे पट्टे वगैरे काही नाही. ते सरकतं बटण आकाराचं असेल असं समजून लोक ते खालीवर करत बसतात. ते पॅल आणि एनटीएससी यांच्यातलं असतं. चुकीच्या बाजूला गेलं तर चित्र गरगर वर सरकतं किंवा कृष्णधवल होतं, माणसं मात्र तितकीच वाळलेली राहतात.

लॅपटॉप जोडला असेल तर सुटका आहे. लॅपटॉपचं बाहेरचं रेझोल्यूशन ८०० × ६०० किंवा १०२४ × ७६८ करून बघा. हे दोन्ही आकार ४:३ आहेत. मग लॅपटॉपच चौकोनी पडदा तयार करतो, व्हिडिओ प्लेअर त्यात वर-खाली पट्टे टाकतो, आणि डबीला दाबायला काही उरत नाही. स्ट्रीमिंग स्टिकवर बहुधा हा मार्ग नसतो. तिथे १०८०पीऐवजी ५७६पी किंवा ४८०पी निवडूनही फरक पडत नाही, कारण ओळी कमी झाल्या तरी चौकट १६:९चीच राहते. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे, तुम्ही घालवू नका. काही अँड्रॉइड बॉक्समध्ये चित्र लहान करायची सोय असते. त्यात उंची वेगळी कमी करता येत असेल तर ७५ टक्क्यांवर आणा, प्रश्न सुटला. दोन्ही बाजू एकदमच लहान होत असतील तर उपयोग नाही. मग उरतो तो आकाराचं वेगळं बटण असलेला कन्व्हर्टर. घेण्याआधी त्यावर ४:३ / १६:९ असा पर्याय आहे का ते बघून घ्या, पॅल-एनटीएससीचं बटण दाखवून "हेच ते" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पेनड्राइव्हवरच्या फायलींचा घोळ थोडा निराळा. डीव्हीडी प्लेअर डिस्कवरची आकाराची सूचना पाळतो, पण पेनड्राइव्हवरच्या एव्हीआय फायलीची तीच सूचना जुने प्लेअर सर्रास दुर्लक्षितात. डिस्क बरोबर दिसते आणि फाइल लांबट, असं झालं की समजायचं की प्लेअरचं सेटिंग ठीक आहे. अशा वेळी फाइलच बदलून घ्यावी लागते, म्हणजे पट्टे चित्रातच भाजून टाकायचे. चौकट ७२० × ५७६, आकार ४:३, आत चित्र ७२० × ४३२, वर-खाली ७२-७२ ओळी काळ्या. एनटीएससीसाठी ४८०पैकी ३६० आणि वर-खाली ६०-६०. सिनेमा अतिरुंद, २.३५:१चा असेल तर ५७६पैकी ३२८ ओळी चित्राला आणि वर-खाली १२४-१२४. मूळ फाइल मात्र पुसू नका. ही भाजलेली फाइल पुढे रुंद टीव्हीवर लावलीत तर डाव्या-उजव्या बाजूलाही काळं येईल, आणि मग तेच तिकीट.

चारही बाजूंनी काळं

वर्तुळ गोल आहे, पण चित्र मधोमध अडकलंय. याचा अर्थ बसवण्याचं काम दोघांनी केलं. नेहमीचं उदाहरण: जुना ४:३ कार्यक्रम वाहिनीने रुंद चौकटीत बसवण्यासाठी डावी-उजवीकडे काळं घातलं, मग तुमच्या बॉक्सने ती रुंद चौकट तुमच्या चौकोनी पडद्यावर बसवायला वर-खाली काळं घातलं. रुंदीचा पाऊण आणि उंचीचा पाऊण, म्हणजे पडद्याचा ९/१६ भाग चित्राला उरला, साधारण ५६ टक्के. गंमत म्हणजे चित्र मूळचं ४:३, टीव्हीही ४:३, आणि मधल्या दोघांनी त्याला घरातून बाहेर काढून परत घरात आणताना निम्मं केलं.

इथे बॉक्सला पॅन स्कॅन किंवा सेंटर कटवर टाका. तो रुंद चौकटीच्या दोन्ही कडा कापतो, आणि कडांना फक्त काळंच असल्यामुळे काहीच जात नाही. जुने कार्यक्रम दाखवणाऱ्या वाहिन्यांसाठी हेच योग्य. बॉक्सला लेटरबॉक्स आणि सेंटर कट अदलाबदल करायचं बटण रिमोटवर असेल तर ते कुठलं हे एकदा शोधून ठेवा, त्याने जन्माची मेन्यूवारी वाचते.

कडा गेल्या, स्कोअर दिसत नाही

हे उलट टोक. सेंटर कटवर रुंद चित्र लावलं की प्रत्येक बाजूने रुंदीचा एक अष्टमांश जातो. दोन माणसं पडद्याच्या दोन टोकांना उभी राहून भांडत असतील तर तुम्हाला मधलं टेबल दिसतं. चौकोनी पडद्याकडून रुंद पडद्याकडे जाण्याच्या काळात वाहिन्या अक्षरं आणि आकडे मधल्या ४:३ भागातच ठेवायच्या, म्हणजे चौकोनी टीव्हीवाल्यांनाही दिसावीत. आता ती काळजी फारसं कुणी घेत नाही, म्हणून कोपऱ्यातला स्कोअर अर्धा कापला जातो.

त्यात ओव्हरस्कॅनची भर. ट्यूबवरचं चित्र उजेडाप्रमाणे आणि वयाप्रमाणे थोडं लहान-मोठं होत राहतं. कडेला काळी फट दिसू नये म्हणून बनवणारे चित्र ट्यूबच्या चौकटीपेक्षा जरा मोठंच ठेवायचे. म्हणूनच जुन्या प्रसारणाच्या संकेतानुसार महत्त्वाची हालचाल मधल्या ९० टक्क्यांत आणि अक्षरं मधल्या ८० टक्क्यांत ठेवत. लेटरबॉक्स केलात तरी डाव्या-उजव्या कडेची बारीक पट्टी चौकटीआड जाणारच. त्यासाठी मेन्यूत शोधाशोध करू नका, ती तुमची चूक नाही.

डीव्हीडीवर पॅन स्कॅन निवडूनही पट्टे येतात, अशी तक्रार असते. डिस्कमध्ये तशी परवानगी आणि चौकट कुठे सरकवायची याची माहिती असेल तरच प्लेअर पॅन स्कॅन करतो, नाहीतर मुकाट लेटरबॉक्सवर जातो. बहुतेक रुंद डिस्कवर ती सोय दिलेलीच नसते. प्लेअरला दोष देऊ नका.

कधी वर-खाली बारीकसे पट्टे आणि कडाही किंचित कापलेल्या असं दिसतं. ते १४:९. बीबीसीने डिजिटल प्रसारणाकडे जाताना चौकोनी टीव्हीवाल्यांसाठी हा मधला मार्ग बराच वापरला. तो दोष नाही, आणि खरं सांगायचं तर मला तो लेटरबॉक्सपेक्षा आवडतो.

माणसं बुटकी (१२ × ९)

चौकोनी टीव्हीवर हे दोन कारणांनी होतं. एक, टीव्हीतच १६:९ची सोय आहे आणि ती चालू राहिली आहे. नंतरच्या काळातल्या काही सपाट काचेच्या सेटमध्ये ही सोय असते. टीव्ही सगळ्या ओळी उंचीच्या पाऊण भागात दाटीने रंगवतो. ही सोय असेल तर ती सोन्यासारखी वापरा: प्लेअरला १६:९ सांगा, आणि बसवायचं काम टीव्हीला करू द्या. लेटरबॉक्समध्ये चित्राला ४३२ ओळी मिळतात, इथे सगळ्या ५७६, म्हणजे एक तृतीयांश जास्त. फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो, अक्षरांच्या कडांवर तर लगेच. पण चौकोनी कार्यक्रम लागला की हातानेच बंद करावी लागते, आणि ते विसरलं की सगळे बुटके. स्ट्रीमिंग स्टिक आणि साध्या कन्व्हर्टरवाल्यांचाही खरा तारणहार हीच सोय आहे.

सर्व्हिस मेन्यूत, म्हणजे मेकॅनिकसाठी लपवलेल्या मेन्यूत जाऊन उभं माप कमी करायचा सल्ला कुणी देईल. होतं तसं, पण ते कायमचं, म्हणजे प्रत्येक चौकोनी कार्यक्रम बुटका. करायचंच असेल तर आधीचा आकडा कागदावर लिहून ठेवा. मी लिहिला नव्हता.

दुसरं कारण म्हणजे वाहिनीनेच जुनं चित्र रुंद करण्यासाठी आडवं ताणलेलं असतं, आणि तुमच्या बॉक्सने ते इमानदारीत लेटरबॉक्स केलेलं असतं. इथे काट्याने काटा काढा: तेवढ्या वाहिनीपुरता बॉक्स "फुल"वर टाका. वाहिनीने ताणलं, बॉक्सने दाबलं, वर्तुळ पुन्हा गोल. दोन चुका मिळून बरोबर उत्तर येणारी ही एकच जागा मला माहीत आहे.

पण परत परत का?

आता मावशीच्या आजाराकडे येऊ. चित्र बरोबर केल्यावर पुन्हा बिघडतं, याची कारणं मला चार सापडली.

बॉक्स "ऑटो"वर असेल तर तो प्रसारणाबरोबर येणारी आकाराची खूण बघून स्वतःच बदलतो. ही चार बिटांची छोटी खूण असते. कार्यक्रमाला एक, जाहिरातीला दुसरी, आणि एखादी जाहिरात चुकीची खूण घेऊन आली की चित्र मध्येच उडी मारतं. दर जाहिरातीला चित्र हलत असेल तर ऑटो काढा. टीव्हीच्या बाबतीत, काही सेट आकाराचं सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळं ठेवतात. एव्ही-१वर सुधारलेलं एव्ही-२ला लागू होत नाही, आणि केबल काढून दुसऱ्या भोकात घातली की "परत बिघडलं" असं वाटतं. तिसरं, रात्रीतून बॉक्सचं सॉफ्टवेअर बदलतं आणि सेटिंग कारखान्यातल्या मूळ जागी जातं. ती मूळ जागा हल्ली १६:९ असते. याला इलाज नाही, फक्त कुठली ओळ बदलायची ते कागदावर लिहून बॉक्सला चिकटवून ठेवा.

मावशीकडचं कारण चौथं निघालं. सहाव्या खेपेला मी सेटिंग बदललं आणि लगेच न निघता बसून राहिलो. कार्यक्रम संपला, मावशी उठली आणि तिने भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं. रिमोट नाही, थेट भिंत. रोज हेच. तिचा बॉक्स नवं सेटिंग पक्क्या स्मृतीत लिहितो ते रिमोटने झोपवल्यावर. तोवर ते नुसतं तात्पुरतं असतं. मी बदलून जायचो आणि त्याच रात्री ते पुसलं जायचं. तिला मात्र माणसं वाळलेली आहेत हे जाणवायला, आणि जाणवल्यावर मला फोन करायला, दोन महिने लागायचे.

मी सेटिंग पुन्हा केलं, रिमोटचं लाल बटण दाबलं, दिवा बदलेपर्यंत थांबलो, वर अर्धा मिनिट सोडलं आणि मग भिंतीवरचं बटण बंद केलं. चालू केलं. घड्याळ मोजलं. नऊ बाय नऊ. तुमच्याकडे सुधारलेलं दुसऱ्या दिवशी टिकत नसेल तर आधी हे करून बघा, सगळ्यात कमी खटपटीचं आहे.

पट्ट्यांचं दुःख

तरी मावशी खूश नव्हती. "अर्धा टीव्ही बंद ठेवलास तू." अर्धा नाही, पण तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. तिचा सेट २१ इंची. ४:३चा कर्ण ५ भरतो, त्यामुळे हिशोब सोपा: रुंदी १६.८ इंच, उंची १२.६. (ट्यूबचा थोडा भाग चौकटीआड जातो, तो इथे धरलेला नाही.) लेटरबॉक्समध्ये चित्राची उंची ९.४५ इंच उरते, वर-खाली दीड-दीड इंचाहून किंचित जास्त काळं. म्हणजे तिला १९ इंची रुंद टीव्हीएवढं चित्र मिळतं, जे वाईट नाही. २.३५:१च्या सिनेमाला मात्र जेमतेम सव्वासात इंच उंची उरते आणि वर-खाली पावणेतीन इंच काळं. तिथे तिची तक्रार मला मान्य आहे. काळ्या पट्ट्यांनी ट्यूब खराब होईल अशी भीती घालणारे भेटतात. रोजच्या सरमिसळ बघण्यात डबा टीव्हीला त्याचा फारसा धोका नाही.

शेवटी तिने स्वतःच ठरवलं. मालिका सेंटर कटवर, कारण तिथे चेहरेच महत्त्वाचे आणि ते मोठे दिसतात. सामना लेटरबॉक्सवर, कारण स्कोअर हवा. रिमोटवरच्या त्या बटणाला मी लाल टिकली चिकटवून दिली आहे. आता फोन येतो तो सामन्याच्या दिवशी, नाणेफेकीच्या पाच मिनिटं आधी: "टिकली पडली रे, कुठलं बटण होतं?"